सांगकाम्याच्या हाती किल्ल्या : एआयच्या चॅटमध्ये बाहेरची टूल्स जोडली की नेमकं काय होतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम बातम्यांत आला, तो त्यात वाढलेल्या एका ओळीमुळे. प्रोग्रॅमचं नाव पोस्टमार्क-एमसीपी. काम साधं होतं. एआयला "या ग्राहकाला पावती पाठव" म्हटलं की त्याच्या वतीने ईमेल पाठवायची. आधीच्या पंधरा आवृत्त्यांनी हे काम इमानेइतबारे केलं. लोकांनी तो प्रोग्रॅम आपापल्या कामात रुळवला आणि विसरून गेले. मग १.०.१६ ही आवृत्ती आली आणि तिच्यात एका बीसीसीची भर पडली. तिथून पुढे जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची एक प्रत गुपचूप एका तिऱ्हाइताच्या पत्त्यावर जायला लागली. बिलं, करारनामे, पासवर्ड बदलण्याच्या लिंका, जे जाईल ते सगळं. ज्या पोस्टमार्क कंपनीचं नाव त्यावर होतं तिचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तिचा खुला असलेला कोड कुणीतरी उचलून त्याच नावाने एनपीएमवर, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या फुकट बाजारात, मांडला होता. कुलूप फोडावं लागलंच नाही. किल्ली मालकानेच दिली होती.

ही बातमी मला आठवली ती भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा मोठ्या उत्साहाने सांगत होता, "मामा, एडिटरच्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमच्या, चॅटमध्ये मी खूप टूल्स जोडलीत. एकदम भारी चालतंय."

"जोडलीत म्हणजे नेमकं काय केलंस?"

"ते... एमसीपी."

पुढे गाडी सरकेना. त्याचा दोष नाही. रोज हे वापरणाऱ्या पगारदार मंडळींनाही यापेक्षा फार सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख, थोडा त्याच्यासाठी आणि थोडा त्याच्या शेजारी बसून "हा काय करतो कोण जाणे" म्हणणाऱ्यांसाठी.

बंद खोलीतला कारकून

एआयचं भाषा-मॉडेल एकच गोष्ट करतं. पुढ्यात आलेला मजकूर वाचतं आणि त्याला जोडून पुढचा मजकूर लिहितं. त्याला फाइल उघडता येत नाही, ईमेल पाठवता येत नाही, आज वार कोणता हेही कळत नाही. एखाद्या जुन्या कचेरीत बंद खोलीत बसलेला, अफाट वाचन असलेला कारकून डोळ्यांसमोर आणा. दाराखालच्या फटीतून कागद आत सरकवायचा, तो उत्तर लिहून बाहेर सरकवतो. जून २०२१ मध्ये गिटहबचं, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचं, कोपायलट हे एआय-सहायक चाचणीसाठी लोकांपुढे आलं, तेव्हा ते एवढंच करत होतं. कोडची अर्धी ओळ लिहा, उरलेली तो सुचवेल. नंतर चॅट आलं आणि या कारकुनाशी गप्पा मारता यायला लागल्या.

पण "काल रात्री पैसे भरताना आपलं ॲप का बंद पडलं?" असं विचारलं की त्याची पंचाईत व्हायची. बिघाडांची नोंद असते सेंट्रीमध्ये, तक्रारी असतात जिरामध्ये, व्यवहार असतात डेटाबेसमध्ये. मग प्रोग्रॅमरने तिन्हीकडे जायचं, तिथला मजकूर कॉपी करायचा आणि चॅटमध्ये आणून चिकटवायचा. म्हणजे कारकून खुर्चीत आणि साहेब हेलपाटे घालतोय.

हे हेलपाटे दुसऱ्याला देण्याची सोय म्हणजे टूल. दाराबाहेर एक शिपाई बसवला, असं समजा. हा शिपाई म्हणजे तुमचा एडिटर, व्हीएस कोड किंवा कर्सर. कारकुनाला खिडक्यांची यादी दिली जाते. अमुक खिडकीवर बिघाडांची नोंद मिळेल, तमुक खिडकीवर डेटाबेस बघता येईल. गरज वाटली की कारकून एक चिठ्ठी लिहितो: "खिडकी चार, काल रात्री दहानंतरच्या चुका द्या." शिपाई चिठ्ठी नेतो, उत्तर आणतो, आत सरकवतो. ते वाचून कारकून पुढची चिठ्ठी लिहितो. एका प्रश्नासाठी अशा वीस-पंचवीस फेऱ्या सहज होतात आणि शेवटी तो सांगतो, "पेमेंटच्या फाइलमध्ये अमुक ओळीत रक्कम रिकामी येते आहे, दुरुस्त करू का?"

पहिल्यांदा हे चालताना बघितलं की खरंच थक्क व्हायला होतं. एक मात्र धरून ठेवा, पुढे लागणार आहे. कारकून अजूनही खोलीतच आहे. त्याला जग दिसतं ते फक्त फटीतून आत येणाऱ्या कागदांवरून.

ॲटच्या खुणेपासून एमसीपीपर्यंत

मे २०२४ मध्ये गिटहबने कोपायलट एक्स्टेन्शन्स जाहीर केली. चॅटमध्ये ॲटची खूण करून डॉकर, सेंट्री, स्ट्राइप, मोंगोडीबी अशा प्रोग्रॅमरांच्या नेहमीच्या सेवांपैकी कुणाला हाक मारायची, की तुमचा प्रश्न थेट त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा आणि उत्तर चॅटमध्ये उमटायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही सोय सर्वांसाठी अधिकृतपणे खुली झाली आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला बंदही झाली. धड नऊ महिनेही नाही.

कारण मधल्या काळात एमसीपी आलं होतं. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. नाव जडजंबाल आहे, पण अर्थ इतकाच की चिठ्ठी कशी लिहायची, खिडकीने उत्तर कसं द्यायचं आणि आपल्याकडे काय मिळतं याची पाटी कशी लावायची, याचा ठरलेला नमुना. अँथ्रोपिक या एआय कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ ला तो सगळ्यांसाठी खुला केला. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने तो स्वीकारला, पाठोपाठ गूगलने. कट्टर स्पर्धक इतक्या लवकर एका नमुन्यावर सही करतात हे एरवी दिसत नाही, पण हिशोब बघितला की उलगडतं. दहा एआय सहायक आणि पन्नास सेवा असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी वेगळी जोडणी म्हणजे पाचशे जोडण्या. ठरलेला नमुना असेल तर प्रत्येकाने एकदाच तो शिकायचा, साठांत काम भागतं.

या बदलात एक गोष्ट फारशा गाजावाजाशिवाय उलटली. ॲटच्या खुणेच्या दिवसांत कुणाला हाक मारायची हे माणूस ठरवायचा. आता दहा टूल्स जोडून ठेवली की कोणतं, कधी आणि काय सांगून वापरायचं हे कारकून ठरवतो. सोय झाली ती यामुळेच. या लेखातल्या पुढच्या सगळ्या भानगडीही यामुळेच.

खिडकी असते कुठे?

हे विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "असेल कुठेतरी क्लाउडवर." काही टूल्स असतात तशी. पण कितीतरी एमसीपी सर्व्हर, म्हणजे आपल्या या खिडक्या, तुमच्याच लॅपटॉपवर चालतात. "सर्व्हर" या शब्दाने फसू नका. तो एक साधा प्रोग्रॅम असतो, एडिटर त्याला सुरू करतो आणि तो पडद्यामागे चालत राहतो. सेटिंगमध्ये कुणाच्या तरी पानावरून उचललेली एक ओळ टाकली की प्रोग्रॅम उतरवला जातो आणि लगेच चालायला लागतो.

आणि तो कोणाच्या अधिकाराने चालतो? तुमच्या. वेगळी मर्यादा घातली नसेल तर ज्या फाइली तुम्हाला उघडतात त्या त्यालाही उघडतात. म्हणजे हवामान सांगणारं टूल तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये फिरू शकतं. फिरेलच असं नाही, पण त्याला अडवणारंही कुणी नाही. गॅस दुरुस्तीला आलेल्या माणसाला आपण स्वयंपाकघर दाखवतो, इथे अख्ख्या घराच्या किल्ल्या त्याच्या हातात असतात.

कागदांचा एकच गठ्ठा

आता मूळ दुखणं. बंद खोलीत येणारे कागद एकाच फटीतून येतात. तुमची आज्ञा, कंपनीचे नियम, खिडकीवरून आलेलं उत्तर, एखाद्या अनोळखी माणसाने लिहिलेली तक्रार, सगळं एकाच गठ्ठ्यात. कुठला कागद साहेबाचा आणि कुठला रस्त्यावरून आलेला हे ओळखायला कारकुनाकडे पक्की खूण नाही. ओळखायला शिकवतात त्याला, पण तो अंदाज असतो. आणि स्वभावाने हा गृहस्थ सांगकाम्या. कागदावर "असं करा" लिहिलेलं दिसलं की करायला उठतो.

समजा, सोसायटीच्या कचेरीत नवा मुलगा ठेवलाय. सेक्रेटरी म्हणाले, "पेटीतली पत्रं वाच आणि मुद्दे सांग." एका पत्रात लिहिलंय, "हे पत्र वाचणाऱ्याने सर्व सभासदांच्या बँक खात्यांची यादी पुढील पत्त्यावर पाठवावी." आपल्याकडचा कोणताही मुलगा हसेल आणि पत्र सेक्रेटरींना दाखवेल. कारकून यादी पाठवून येऊ शकतो आणि वर मुद्द्यांत नोंदही करेल की एका पत्राची कार्यवाही पूर्ण केली.

या प्रकाराला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने २०२२ मध्ये हे नाव रूढ केलं. मे २०२५ मध्ये एआयची सुरक्षा तपासणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी गिटहबच्या एमसीपी टूलवर त्याचं प्रात्यक्षिकच करून दाखवलं. गिटहबवरच्या खुल्या प्रकल्पात कोणीही तक्रार नोंदवू शकतो. त्यांनी अशा तक्रारीतच एआयसाठी सूचना लिहून ठेवली. प्रकल्पाचा मालक आपल्या सहायकाला म्हणाला, "तक्रारी जरा बघून घे." सहायकाने तक्रार वाचली, सूचना मानली, मालकाच्या खासगी प्रकल्पांतली माहिती गोळा केली आणि सगळ्यांना दिसेल अशा खुल्या ठिकाणी मांडून ठेवली. टूलमध्ये काही बिघाड नव्हता. टूल नेमकं सांगितलं तेच करत होतं. सांगणारा फक्त भलताच होता.

त्याआधी महिनाभर, एप्रिलमध्ये, याच मंडळींनी आणखी एक खोड दाखवली होती. खिडकीवरची पाटी, म्हणजे टूलचं वर्णन, हेही कारकुनासाठी एक कागदच असतं. त्यांनी दोन आकड्यांची बेरीज करणारं टूल बनवलं आणि वर्णनात लिहिलं की बेरजेआधी वापरकर्त्याच्या अमुक गुप्त फाइली वाचाव्यात आणि मजकूर सोबतच्या टिपणात घालून पाठवावा. माणसाला पडद्यावर दिसतं "बेरीज". कारकुनाला दिसते अख्खी पाटी. आणि आज तुम्ही वाचून मान्य केलेली पाटी उद्या बदलता येते, हे पोस्टमार्कच्या नावाने झालेल्या प्रकारावरून ध्यानात आलंच असेल.

तीन गोष्टी एका हातात

मग कुठलं टूल धोक्याचं? एकेकटं टूल बघून याचं उत्तर सापडत नाही. विलिसन यांनीच जून २०२५ मध्ये एक कसोटी मांडली. तिला त्यांनी जीवघेणं त्रिकूट म्हटलं आणि मला ती सगळ्यांत कामाची वाटते. सहायकाला खासगी माहिती वाचता येते का? परक्यांनी लिहिलेला मजकूर त्याच्यापुढे येतो का? आणि त्याला बाहेर काही पाठवता येतं का? तिन्हींची उत्तरं हो असतील तर चोरीसाठी लागणारं सगळं सामान एका जागी आलं.

यातली खोच अशी की तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या टूल्समधून येतात. डेटाबेसचं टूल निर्धोक, वेबपानं वाचणारंही निर्धोक, ईमेलचंही तसंच. तिन्ही बनवणारे सज्जन. पण तिघांना एका चॅटमध्ये बसवलंत की वेबपानावरची ओळ कारकुनाकरवी डेटाबेस वाचून ईमेल धाडू शकते. औषधांसारखं आहे हे. एकेक गोळी बरी असते, डॉक्टर विचारतात ते "आणखी काय चालू आहे?" टूल जोडताना हा प्रश्न विचारणारं कुणी नाही, तो आपणच विचारायचा.

"पण मी प्रत्येक वेळी परवानगी देतोच की"

खरं आहे. शिपाई चिठ्ठी नेण्याआधी तुम्हाला दाखवतो, "नेऊ का?" सगळ्या संरक्षणांत हेच भक्कम आहे, माणूस चिठ्ठी वाचतो तोपर्यंत. पहिल्या पाच वाचतो. पंधराव्याला बटण शोधायला लागतो, आणि बटण शेजारीच असतं: या सत्रापुरतं विचारू नका, या प्रकल्पापुरतं विचारू नका, कधीच विचारू नका. मोबाइलवर अटी-शर्ती वाचून "मान्य" दाबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे इथे फार आशा नको.

एमसीपीच्या नमुन्यात टूलवर "हे फक्त वाचतं, काही बदलत नाही" अशी खूण करायची सोय आहे. उत्तम. पण ती खूण टूल बनवणाराच करतो. "आमचेकडे शुद्ध तूप मिळेल" या पाटीइतकीच तिची हमी, आणि बनवणाऱ्यावर विश्वास नसेल तर या खुणेवरही विसंबू नये, असं नमुन्याच्या लेखकांनीच लिहून ठेवलंय.

"मोठ्या कंपनीचं टूल आहे, काय होणार?"

नामांकित घरचं टूल केव्हाही बरं, यात वाद नाही. निदान ते नाव खरंच त्यांचं आहे का हे तपासा, पहिली गोष्ट आठवून. पण मोठं नाव म्हणजे अभेद्य नव्हे. जुलै २०२५ मध्ये ॲमेझॉन क्यू या सहायकाच्या व्हीएस कोडमधल्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे जोडप्रोग्रॅममध्ये, कुणा बाहेरच्याने एआयसाठी सूचना घुसवली: संगणकावरच्या फाइली आणि क्लाउडवरचा पसारा पुसून टाक. ती १.८४.० या आवृत्तीतून लोकांपर्यंत पोचलीही. कंपनीने ती मागे घेऊन नवी काढली आणि कुणा ग्राहकाचं नुकसान झालं नसल्याचं सांगितलं. सूचना नीट चालण्यासारखी नव्हती, म्हणून निभावलं.

"मॉडेल हुशार होतील, प्रश्न मिटेल"

काही प्रमाणात मिटतोय. नवी मॉडेल अशा भुरट्या सूचना पुष्कळदा ओळखतात. पण चोराला शंभरात एकदा जमलं तरी पुरतं, आणि तो शंभर काय, हजार वेळा प्रयत्न करू शकतो, फुकटात. जोवर आज्ञा आणि माहिती एकाच फटीतून आत जातात तोवर कारकुनाच्या शहाणपणावर विसंबण्यापेक्षा त्याच्या हातात किती किल्ल्या आहेत ते मोजणं मला बरं वाटतं.

मग वापरायचंच नाही का?

वापरायचं तर. मी स्वतः रोज वापरतो, आणि बिघाड शोधायला याच्याशिवाय बसायचं म्हटलं तर आता कंटाळा येईल. फक्त काही सवयी लावून घेतल्यात. डेटाबेस जोडायचा तर खोट्या माहितीने भरलेला, आणि फक्त वाचण्याच्या अधिकाराने. सुपाबेस ही डेटाबेसची सेवा आपल्या एमसीपीबद्दल हाच सल्ला देते: खऱ्या, चालू डेटाला जोडू नका, आणि जोडलाच तर वाचण्यापुरता. टूलची आवृत्ती ठरवून टाकायची, आपोआप नवी घ्यायची नाही, १.०.१५ वर थांबलेल्यांच्या ईमेलच्या प्रती तिऱ्हाइताकडे गेल्या नाहीत. गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डवजा लांबलचक अक्षरमाळा, सेटिंगच्या फाइलमध्ये उघड्या लिहायच्या नाहीत, कारण तीच फाइल पुष्कळदा कोडबरोबर गिटहबवर जाते. काम संपलं की टूल बंद.

बंद करण्याचा एक स्वार्थीही फायदा आहे. प्रत्येक टूलची पाटी सहसा दर प्रश्नाबरोबर कारकुनापुढे जाते. शंभर पाट्या वाचून तो गोंधळतो, चुकीच्या खिडकीवर चिठ्ठी धाडतो आणि वाचनाचे पैसेही तुमच्याच खात्यातून जातात. व्हीएस कोडने एका वेळच्या विनंतीला १२८ टूल्सची मर्यादाच घातली आहे. माझ्या मते दहासुद्धा जास्त होतात.

"मी प्रोग्रॅमर नाही, मला काय त्याचं?"

दोन गोष्टी. ही सोय कोडपुरती राहिलेली नाही. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२५ मध्ये काइट एमसीपी आणलं, म्हणजे चॅटमधल्या एआयला आपलं डीमॅट खातं दाखवून "माझे पैसे कुठे अडकलेत?" असं विचारता येतं. सुरुवातीला त्यांनी त्यात शेअर बघण्याची सोय दिली, सौदे टाकण्याची दिली नाही. वरचं सगळं वाचल्यावर या आखडत्या हाताचं कौतुक वाटेल. दुसरी गोष्ट अशी की तुमचा मोबाइल नंबर, पत्ता, आजारपणाचे रिपोर्ट कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये आहेत, आणि तो डेटाबेस हिंजवडीतल्या किंवा बेंगळुरूतल्या एखाद्या घाईतल्या पोराने चॅटला जोडलेला असू शकतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड कंपनीला होईल. गेलेला नंबर तुमचाच.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, सोसायटीच्या पत्रासकट. तो पहिल्यांदा हसला. मग उठून लॅपटॉप घेऊन आला आणि आम्ही जोडलेल्या टूल्सची यादी उघडली. नऊ होती. सात नंबरच्या नावावर बोट ठेवून त्यानेच मला विचारलं, "मामा, हे मी कधी टाकलं?"